फोटो कुणाचा लावलाय?

गेल्या वर्षीची २५ जुलैची रात्र. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कारगिल विजय दिवसाचं छोटं प्रदर्शन होतं. एनएसएसच्या आम्ही दहा जणांनी दहा पोस्टर्स वाटून घेतली. कॅप्टन विक्रम बत्रा, कॅप्टन मनोज पांडे ही नावं पहिल्या मिनिटातच उचलली गेली. ग्रुपवर मी उशिरा आले, त्यामुळे उरलेलं नाव माझ्या वाट्याला आलं: कॅप्टन आर. जेरी प्रेमराज, वीरचक्र, मरणोत्तर.

खरं सांगते, हे नाव मी आधी ऐकलं नव्हतं. मोबाइलवर शोधलं, समोर आलेल्या फोटोंतला एक बरा दिसणारा चेहरा उचलला. डोक्यावर मरून रंगाची टोपी, मागे बर्फाचे डोंगर. खाली लिहिलं, ‘शत्रूशी लढताना वीरमरण’. कडेला तिरंगा, कोपऱ्यात ज्योत. वीस मिनिटांत पोस्टर तयार! ग्रुपवर टाकलं, हात जोडल्याच्या इमोजींचा पाऊस पडला आणि रात्रीतून ते कितीतरी जणांच्या स्टेटसला लागलं.

सकाळी कॉरिडॉरमध्ये पोस्टर्स लावत होतो. आमच्या गेटवरचे काका येऊन उभे राहिले. ते तोफखान्यातून निवृत्त झालेत, हे आम्हाला तीन वर्षांत माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी एकेक पोस्टर शांतपणे वाचलं. माझ्या पोस्टरपाशी थांबले.

‘‘ताई, हा फोटो कुणाचा लावलाय?’’

‘‘काका, खाली नाव आहे ना.’’

‘‘नाव बरोबर आहे. साहेब १५८ मीडियम रेजिमेंटचे. म्हणजे आमच्या तोफखान्याचे. ही टोपी पॅरावाल्यांची आहे. हे दुसरेच कुणीतरी साहेब आहेत.’’

पाहुणे यायला अर्धा तास उरला होता. दुसरी प्रिंट काढायला वेळ नव्हता. मी त्या चेहऱ्यावर एक कोरा कागद चिकटवला. नऊ पोस्टर्सवर नऊ चेहरे आणि दहाव्यावर पांढरा चौकोन. दिवसभर येणारा प्रत्येक जण विचारत होता, ‘‘इथला फोटो कुठंय?’’

त्या पांढऱ्या चौकोनाबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय. कारण तो फक्त माझ्या पोस्टरवर नाही.

फोटोत तोफ आहे, माणूस कुठंय?

कारगिलचा एखादा फोटो डोळ्यांसमोर आणा. नव्वद टक्के शक्यता आहे की तुम्हाला बोफोर्स तोफ दिसली असेल. उंच वर केलेली नळी, तोंडाशी आगीचा लोळ, बाजूला कानांवर हात ठेवलेले जवान. फोटो भारीच आहे. पण त्या फोटोत एक माणूस नाही, आणि तो नसेल तर ती तोफ आंधळी आहे.

हे मला काकांनीच समजावलं. तोफ असते दरीत, डोंगराच्या आड. तिच्यावरच्या जवानांना शत्रू दिसत नाही. मध्ये अख्खा डोंगर असतो आणि लक्ष्य काही किलोमीटर लांब. मग गोळा कुठं टाकायचा हे कोण सांगणार? त्यासाठी तोफखान्याचा एक तरुण अधिकारी पायदळाबरोबर पुढे जातो. त्याला ओपी म्हणतात, म्हणजे ऑब्झर्व्हेशन पोस्ट अधिकारी. सोबत वायरलेसवाला. पायदळाचे जवान जी कडा चढतात, तीच कडा तोही चढतो. जिथून शत्रूचा बंकर दिसेल अशा जागी पोचतो आणि खाली तोफांना सांगतो: इथे टाका. पहिला गोळा पडतो. तो पाहतो किती चुकला. डावीकडे घ्या, पुढे न्या, आता बरोबर. मग बाकीच्या तोफा त्या जागेवर तुटून पडतात.

मैदानावर शंभर मीटरची चूक निभावून जाते. कारगिलमध्ये बंकर होते अरुंद सुळक्यांवर. गोळा थोडा पुढे गेला तर सुळका ओलांडून थेट पलीकडच्या दरीत, थोडा मागे पडला तर खालून चढणाऱ्या आपल्याच जवानांच्या अंगावर. त्यात त्या उंचीवर हवा विरळ असते, तिचा अडथळा कमी होतो, म्हणून गोळा नेहमीपेक्षा लांब जातो. म्हणजे कागदावरचं गणित तिथं जसंच्या तसं चालत नाही. डोळ्यांनी बघून दुरुस्त करणारा माणूस लागतोच. आणि बघायचं तर डोकं वर काढावं लागतं. जे त्याला दिसतात, त्यांना तोही दिसतो.

काका म्हणाले, ‘‘आम्ही तोफेवर असतो तेव्हा ओपी साहेब दिसत नाहीत. त्यांचा आवाज तेवढा येतो वायरलेसवर. आवाज शांत असला की आमचे हात शांत चालतात. आणि आवाज यायचा थांबला की...’’ पुढचं ते बोलले नाहीत. कपाटाची किल्ली हवी होती म्हणून कुणीतरी हाक मारली, ते निघून गेले.

कारगिलच्या लढाईत आपल्या तोफखान्यानं सुमारे अडीच लाख गोळे, रॉकेट्स आणि मॉर्टर बॉम्ब डागले, असा आकडा सगळीकडे सांगितला जातो. भाषणांमध्ये तो टाळ्या घेतो. आता हा आकडा ऐकताना एक प्रश्न विचारून बघा. यातले जे नेमके बंकरवर पडले, ते तिथं पाडण्यासाठी तिकडे वर कोण उभं होतं?

७ जुलै १९९९

७ जुलै ही तारीख तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. ‘शेरशाह’ सिनेमा आल्यापासून तर नक्कीच. त्या दिवशी पॉइंट ४८७५ वर कॅप्टन विक्रम बत्रा धारातीर्थी पडले. ते शिखर आज बत्रा टॉप म्हणून ओळखलं जातं.

त्याच दिवशी, त्याच पॉइंट ४८७५ च्या डोंगरावर, ट्विन बम्प नावाच्या भागात आणखी एक कॅप्टन धारातीर्थी पडला. २ नागा बटालियन तिथं हल्ला चढवत होती आणि तिच्याबरोबर ओपी अधिकारी म्हणून होते कॅप्टन जेरी प्रेमराज. केरळचे, तिरुअनंतपुरमजवळच्या वेंगानूरचे. आधी हवाई दलात एअरमन होते, तिथून परीक्षा देऊन लष्करात अधिकारी झाले. १९९७ मध्ये तोफखान्यात दाखल झाले. लढाईवर आले तेव्हा लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते.

वीरचक्राच्या मानपत्रात पुढचं आहे. शत्रूच्या माऱ्यात ते तोफांचा मारा बंकरांवर आणत होते. त्यात त्यांना गोळी लागली. जखमी झाल्यावरही ते मागे गेले नाहीत, वायरलेसवरून मारा दुरुस्त करत राहिले. पुन्हा गोळ्या लागल्या, आणि मग आवाज थांबला.

हे वाचल्यावर माझ्या पोस्टरवरचं ‘शत्रूशी लढताना वीरमरण’ हे वाक्य मला फार स्वस्त वाटायला लागलं. चुकीचं नव्हतं ते. पण ते कुणाच्याही फोटोखाली चालेल असं होतं. आणि जे वाक्य कुणालाही चालतं, ते नेमकं कुणाचंच नसतं.

आता गैरसमज नको. बत्रांचा सिनेमा आला याचं मला वाईट वाटत नाही. आलाच पाहिजे होता. कुणाला जास्त आठवलं आणि कुणाला कमी, अशी रांग लावायला हा लेख लिहीत नाहीये. मुद्दा वेगळा आहे. आपली आठवण चेहऱ्याच्या मागे जाते. ज्याचा सिनेमा आला, ज्याचा फोटो छान आला, ज्याचा डायलॉग गाजला, तो आपल्या लक्षात राहतो. बाकीच्यांसाठी आपण एक तयार साचा वापरतो: तिरंगा, ज्योत, दोन ओळी आणि मिळेल तो फोटो. या साच्याला आपण श्रद्धांजली म्हणतो.

तोफखान्याचं ब्रीद आहे ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’. सर्वत्र मान आणि यश. तोफखाना सगळीकडे असतो, पण त्याचा पुढे गेलेला माणूस फोटोत फारसा कुठंच नसतो. त्याची जागा फोटोच्या बाहेर असते, म्हणून तो शोधायचा तर कागदातच शोधावा लागतो.

कागद कशाला? आठवण पुरेशी नाही का?

हा प्रश्न मला माझ्या मैत्रिणीनंच विचारला. ‘‘अगं, भावना महत्त्वाची. फोटो चुकला तर चुकला.’’ तिला उत्तर देताना मी थोडं वाचलं आणि मला तोफखान्यातलेच दुसरे एक अधिकारी सापडले. देश वेगळा, लढाई वेगळी, पण काम तेच.

इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांना एडवर्ड थॉमस हा कवी माहीत असेल. पहिल्या महायुद्धात वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो आपणहून सैन्यात गेला. पुढे ब्रिटिश तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट झाला. जानेवारी १९१७ मध्ये तो फ्रान्सला निघाला आणि ९ एप्रिल १९१७ ला, आरासच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, निरीक्षण चौकीवर असताना मारला गेला. अवघ्या दहा आठवड्यांची लढाई. ॲग्नी या गावाजवळच्या लष्करी स्मशानभूमीत त्याला पुरलं.

त्याच्या मृत्यूची एक कथा पुढे अनेक वर्षं सांगितली गेली. जवळून गेलेल्या गोळ्याच्या हवेच्या दाबानं त्याचं हृदय थांबलं, अंगावर एक ओरखडाही नव्हता, अशी. त्याच्या बायकोनं, हेलननं, हेच खरं मानलं. त्याची छोटी डायरी मिळाली, तिच्या पानांना सुरकुत्या पडलेल्या. त्या सुरकुत्यासुद्धा त्याच दाबाच्या म्हणून सांगितल्या गेल्या. कथा सुंदर होती. कवीला शोभेल असं मरण!

मग जवळजवळ शंभर वर्षांनी त्याची चरित्रकार जीन मूरक्रॉफ्ट विल्सन हिला अमेरिकेतल्या एका संग्रहात एक पत्र सापडलं. थॉमसच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं १९३६ मध्ये लिहिलेलं. त्यात साधं लिहिलं होतं की गोळा त्याच्या छातीतून आरपार गेला होता. ओरखडाही नव्हता ही गोष्ट बहुधा बायकोला कमी त्रास व्हावा म्हणून सांगितलेली होती.

यात कुणी वाईट नाही. विधवेला धीर देणाऱ्यानं खोटं सांगितलं असेल तर ते मायेनंच. पण विचार करा. एक साधं पत्र फायलीत टिकलं म्हणून शंभर वर्षांनी त्या माणसाच्या शेवटच्या क्षणाचं खरं आपल्याला कळलं. ते पत्र रद्दीत गेलं असतं तर आपण आजही एका गोड गोष्टीला श्रद्धांजली वाहत बसलो असतो, आणि तो खरा माणूस तिच्यामागे झाकलेला राहिला असता.

आठवण मायाळू असते. ती कोपरे घासून गुळगुळीत करते. कागद तसा नसतो. तो रुक्ष असतो, पण तो त्या माणसाला त्याच्या जागेवर उभा ठेवतो: हे नाव, ही रेजिमेंट, हा डोंगर, ही तारीख. मला वाटतं दोन्ही हवं. पण आपल्याकडे एक उतू जातंय आणि दुसऱ्याचा पत्ता नाही.

आपल्याकडे कागद नाहीत असं नाही

‘‘आपल्याकडे रेकॉर्ड ठेवतच नाहीत’’ असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. थोडं शोधलं की वेगळं दिसतं.

दिल्लीला इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं. तिथल्या त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत. प्रत्येकाची एक ग्रॅनाइटची वीट. विटेवर चेहरा नाही. नाव, हुद्दा, रेजिमेंट. मला ही कल्पना फार आवडते. तिथं कॅप्टनची वीट आणि शिपायाची वीट सारखीच.

शौर्य पुरस्कारांसाठी संरक्षण मंत्रालयाचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे. नाव टाकलं की युनिट, पदक, मानपत्र मिळतं. माझं पोस्टर करताना मी ही पाच मिनिटं वाचवली होती. द्रासला तोलोलिंगच्या पायथ्याशी कारगिल युद्ध स्मारक आहे, तिथल्या भिंतीवरही नावं कोरलेली आहेत. ३० जुलै २०२२ ला पॉइंट ५१४० या शिखराला ‘गन हिल’ असं नाव दिलं गेलं, तोफखान्याच्या कामगिरीची आठवण म्हणून. आणि ज्यांना दूर जाणं जमत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आपल्या दारात आहे. तोफखान्याचे अधिकारी ज्या शाळेत शिकतात ते स्कूल ऑफ आर्टिलरी आपल्या नाशिकजवळ देवळालीला आहे. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला तोफखाना अधिकारी कधी ना कधी आपल्या देवळालीच्या हवेत राहून गेलेला असतो. हे कळल्यावर केरळचे प्रेमराज मला एकदम जवळचे वाटायला लागले.

पण खरी कोठी अजून अर्धी बंद आहे. प्रत्येक युनिट लढाईत रोजची डायरी लिहितं. किती वाजता काय झालं, कोण कुठं होतं, कोण परतलं नाही. कारगिलनंतर नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीनं युद्धाचा इतिहास नीट लिहायला हवा आणि कागद खुले करण्याचं स्पष्ट धोरण हवं, असं सुचवलं होतं. ते धोरण आलं जून २०२१ मध्ये. त्यानुसार युद्धाच्या डायऱ्या आणि पत्रव्यवहार संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे द्यायचे आणि साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे. आता गणित करा. १९९९ अधिक २५.

म्हणजे आपण ती पिढी आहोत जिच्यासमोर कारगिलचे कागद उघडायला हवेत. त्या लढाईच्या वेळी आपण जन्मलोही नव्हतो. आपल्याकडे तिची स्वतःची आठवण नाही. आपल्यासाठी कारगिल म्हणजे एकतर सिनेमा किंवा कागद. मग कागदांची मागणी आपण नाही करायची तर कुणी? इतिहासाच्या, राज्यशास्त्राच्या, पत्रकारितेच्या मुलांनी विचारायला हवं की अमुक युनिटच्या डायऱ्या अभिलेखागारात आल्या का, नसतील तर कधी येणार. हे विचारणं देशाविरुद्ध नाही. ज्यांच्यासाठी आपण स्टेटस ठेवतो, त्यांच्यासाठीच ते आहे.

आकडा आहे, नाव नाही

कागद टिकला नाही तर काय होतं, ते बघायला दिल्लीला जायला नको. आपल्या सातारा, रत्नागिरी, रायगडकडच्या गावांत चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाची. या गावातून इतके पुरुष लढाईला गेले, त्यातले इतके कामी आले. बस. पाटीवर आकडा आहे, नावं नाहीत.

अशा पाटीसमोर कधी उभे राहिलात तर गावात विचारून बघा, ते कोण होते. कुणालाच सांगता येत नाही. आकडा दगडात कोरला म्हणून टिकला, माणसं घरांच्या आठवणीवर सोडली म्हणून गेली. तीन पिढ्या पुरल्या त्यांना पुसायला. आपण आजच्या सैनिकांचं तेच करणार आहोत का? फरक एवढाच, की आपल्याकडे पाटीऐवजी २४ तासांत उडून जाणारं स्टेटस आहे.

मग करायचं काय?

उपदेश नाही करत. मी जे करायला लागले ते सांगते.

एक. फोटो टाकण्याआधी नाव, हुद्दा, रेजिमेंट आणि तारीख दोन ठिकाणी जुळवून बघायची. त्यातलं एक ठिकाण सरकारी असलं पाहिजे. फोटोची खात्री नसेल तर फोटो नाही लावायचा. नुसतं नाव लावायचं. नाव पुरतं. शोधताना एक लक्षात ठेवा, लष्कराच्या कागदांत ‘शहीद’ हा शब्द मिळणार नाही, तिथं ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असं असतं.

दोन. फोटोला ‘सुंदर’ करायचं नाही. हल्ली जुना काळापांढरा फोटो ॲपमध्ये टाकला की रंगीत होतो, डोळे चमकतात, गालावर लाली येते, चेहरा हलायला लागतो. ते ॲप त्या माणसाला ओळखत नाही. ते अंदाजानं दुसराच कुणीतरी बनवतं. मूळ फोटो जसा आहे तसा जपा. हौस म्हणून रंगवलाच, तर रंगवलेला आहे असं खाली लिहा.

तीन. तुमच्या घरात, वाडीत, तालुक्यात कुणी फौजी असेल तर त्यांच्याकडचे फोटो बघा. अल्बममधल्या फोटोच्या मागच्या बाजूला हलक्या हातानं पेन्सिलीनं नावं लिहा: कोण, कुठं, कधी, आणि हे कुणी सांगितलं. पेननं नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. फोटो स्कॅन करा, मागची बाजूही करा. पत्रं, डिस्चार्ज बुक, पदकाचा कागद, सगळ्याचा फोटो काढून ठेवा. आजी-आजोबा आहेत तोवर हे काम होतं. नंतर त्या अल्बममध्ये फक्त अनोळखी माणसं उरतात.

चार. ज्या घरातलं माणूस गेलं आहे, तिथं मोबाइल पुढे करून घुसायचं नाही. आधी विचारायचं. नाही म्हणाले तर नमस्कार करून परत यायचं. त्या आईच्या रडण्याचं रील होत नसतं. नोंद करणं म्हणजे उकरणं नाही. जे ते देतील ते नीट ठेवायचं, जे देणार नाहीत ते त्यांचं.

यातलं काहीच अवघड नाही. पैसे लागत नाहीत. एका रविवारची दुपार लागते, आणि थोडी चिकाटी. कॉलेजांनी तर हे प्रोजेक्ट म्हणून द्यायला हवं. दरवर्षी त्याच दहा चेहऱ्यांचं प्रदर्शन भरवण्यापेक्षा प्रत्येकानं आपल्या जिल्ह्यातल्या एका सैनिकाची एक खरी, तपासलेली, पानभर नोंद करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, गावातले माजी सैनिक आहेत, विचारलं की सांगतात. आमच्या काकांना तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

कुणी म्हणेल, एवढ्यानं गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? त्याला नाहीच पडत. आपल्याला पडतो. ज्या माणसानं गोळी लागल्यावरही वायरलेसवर बरोबर आकडे सांगितले, कारण चुकले तर आपलीच माणसं मरतील, त्याची आठवण आपण निदान बरोबर फोटोनं ठेवू शकतो. अचूकपणा हेच त्याचं काम होतं. त्याला द्यायची मानवंदना चुकीची कशी चालेल?

प्रदर्शन संपल्यावर मी दुसरं पोस्टर केलं. या वेळी दोन दिवस लागले. फोटो खात्री करून लावला, लहान. मोठ्या अक्षरांत नाव, त्याखाली १५८ मीडियम रेजिमेंट, ट्विन बम्प, ७ जुलै १९९९. आणि त्याखाली ओपी अधिकारी काय करतो हे चार ओळींत. प्रदर्शन केव्हाच उतरवलं होतं, म्हणून ते गेटजवळच्या नोटीस बोर्डावर लावलं.

काकांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. ‘‘आता बरोबर आहे,’’ म्हणाले.

मग खिशातून पेन काढून त्यांनी ‘मीडियम रेजिमेंट’च्या पुढे बारीक अक्षरांत ‘एस. पी.’ असं लिहिलं. तेवढं माझ्याकडून राहिलं होतं.